वीप: पाण्याचा ताळेबंद चोख, पण रिकामा रकाना शहराला महागात पडतो

वाढत्या शहराच्या पाण्याचं नियोजन बऱ्याच ठिकाणी अजून एक्सेलवर चालतं. एका रकान्यात लोकसंख्या, दुसऱ्यात दरडोई लिटर, दोन्हींचा गुणाकार, त्यावर गळतीची टक्केवारी आणि शेवटच्या ओळीत तीस वर्षांनंतरची तूट. या गणितात वर्षाची सरासरी बरोबर येते. अडचण अशी की धरण तळ गाठतं ते कोरड्या हंगामाच्या शेवटी, आणि नेमके तेच महिने त्या शीटमध्ये दिसत नाहीत. दोन कोरडी वर्षं लागोपाठ आली तर काय होईल, हेही त्यात विचारता येत नाही.

ही उणीव भरून काढणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एक म्हणजे 'वीप', पूर्ण नाव वॉटर इव्हॅल्युएशन अँड प्लॅनिंग. स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटच्या अमेरिकेतल्या केंद्रात ते १९८८ पासून घडत आलंय आणि विंडोजवर चालतं. नदी, धरण, विहिरींचं क्षेत्र, शहर, मैलाशुद्धीकरण केंद्र हे सगळं नकाशावर ठिपक्यांनी मांडायचं, रेषांनी जोडायचं आणि महिन्यागणिक पाण्याचा जमाखर्च बघायचा, असं त्याचं काम. आमचं मत आधीच सांगतो: स्रोतांच्या दीर्घकालीन नियोजनासाठी ते घेण्यासारखं आहे. फक्त एक खोड नीट समजून घ्यायला हवी. तुम्ही जो रकाना रिकामा सोडाल, तिथे ते बहुतेक वेळा शहराच्या फायद्याचं गृहीत धरतं. बाष्पीभवन भरलं नाही तर ते शून्य. भूजल उपशाची मर्यादा भरली नाही तर उपसा अमर्याद. जलवाहिनीची क्षमता भरली नाही तर हवं तेवढं पाणी वाहतं. कुठेही लाल दिवा लागत नाही. आलेख सुबक निघतात आणि तूट शून्य दिसते.

सुरुवात मागणीपासून होते. शहराचा ठिपका ठेवला की तीन गोष्टी विचारल्या जातात: अ‍ॅन्युअल अ‍ॅक्टिव्हिटी लेव्हल म्हणजे माणसं किती, अ‍ॅन्युअल वॉटर यूज रेट म्हणजे माणशी वर्षाला किती घनमीटर, आणि मंथली व्हेरिएशन म्हणजे वर्षाच्या मागणीतला कुठल्या महिन्याचा वाटा किती टक्के. पहिली चूक इथेच होते. आपल्या डोक्यात दिवसाला १५० लिटर असतात आणि रकाना वर्षाचे घनमीटर मागतो. १५० लिटरचे वर्षाला ५४.७५ घनमीटर होतात. तिथे थेट १५० टाकलं तर मागणी पावणेतीन पट फुगते. ही चूक निदान डोळ्यात भरते. महिन्यांच्या वाट्याची चूक भरत नाही. बारा महिन्यांना सारखे ८.३३ टक्के दिले तर २८ दिवसांच्या फेब्रुवारीलाही ३१ दिवसांच्या जानेवारीएवढंच पाणी मिळतं. दहा लाख वस्तीच्या, १५० एमएलडी (दिवसाला १५ कोटी लिटर) वापरणाऱ्या शहरात याचा अर्थ फेब्रुवारीत रोज सुमारे १६३ एमएलडी आणि जानेवारीत १४७. रकाना तसाच सोडला तर वीप दिवसांच्या संख्येप्रमाणे वाटणी करतं. शहराच्या स्वतःच्या पंपिंगच्या नोंदी असतील तर त्यांवरून काढलेले टक्के भरावेत. नसतील तर हा एक रकाना रिकामा सोडलेला बरा.

लोकसंख्यावाढीसाठी एक्स्प्रेशन, म्हणजे सूत्र, लिहिता येतं. 'ग्रोथ' हे सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि सगळ्यात जास्त घोळही तेच घालतं. चक्रवाढ आहे ती. दहा लाखांचं शहर ३० वर्षांत २ टक्क्यांनी १८.१ लाखांवर जातं, ३ टक्क्यांनी २४.३ लाखांवर आणि ४ टक्क्यांनी ३२.४ लाखांवर. एका टक्क्याच्या फरकात आणखी एक धरण बसतं किंवा उठतं. कुठलंही शहर तीस वर्षं एकाच वेगाने वाढत नाही. मधला भाग भरतो, दाटतो आणि थांबतो, तर कडेचा भाग उसळतो. त्यामुळे शहराचा एकच ठिपका न ठेवता तीन ते पाच ठिपके करावेत. ते प्रभागाप्रमाणे न पाडता कुठल्या शुद्धीकरण केंद्रातून कुठल्या भागाला पाणी जातं त्यानुसार पाडावेत आणि प्रत्येकाला 'इंटर्प' (दिलेल्या वर्षांच्या मधले आकडे स्वतः काढणारं फंक्शन) वापरून दर पाच-दहा वर्षांचे आकडे हाताने द्यावेत. प्रत्येक उंच टाकी नकाशावर मांडण्याचा उत्साह आवरावा. महिन्याच्या हिशोबात टाकीला अर्थ नसतो. तिचा साठा काही तासांचा असतो.

आता गळती. या एका विषयावर वीपचे सगळे अहवाल तपासून घ्यावेत, कारण गळती भरायला त्यात दोन जागा आहेत आणि दोन्ही एकमेकींपासून लांब आहेत. एक मागणीच्या ठिपक्यातला 'लॉस रेट', दुसरी जलवाहिनीच्या रेषेवरची 'लॉस फ्रॉम सिस्टीम'. लॉस रेट भागाकाराने लागतो. म्हणजे १५० एमएलडी वापर आणि ३० टक्के गळती असेल तर पुरवठ्याची गरज १५० भागिले ०.७, म्हणजे २१४ एमएलडी. १५० मध्ये ३० टक्के मिळवून १९५ काढणारे इथे १९ एमएलडीला चुकतात. त्यांचं एक्सेल आणि वीप जुळत नाही तेव्हा दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. याहून वाईट म्हणजे तेच ३० टक्के जलवाहिनीवरही भरणं. मग २१४ पुन्हा ०.७ ने भागलं जातं आणि गरज ३०६ एमएलडी होते. मागणी दुप्पट दिसते आणि नवीन धरणाचा प्रस्ताव आपोआप तयार होतो.

बरोबर विभागणी अशी: शहराच्या वितरण जाळ्यातली प्रत्यक्ष गळती लॉस रेटमध्ये. धरणापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंतच्या वाहिनीतली गळती आणि केंद्रात फिल्टर धुण्यात जाणारं पाणी, साधारण ३ ते ५ टक्के, जलवाहिनीवर. आणि तिसरी गोष्ट, जी दोन्ही रकान्यांत जात नाही: चोरी, बंद मीटर आणि बिलातल्या चुका. हिशोबबाह्य पाणी ४० टक्के म्हटलं की सगळेच ४० टक्के जमिनीत मुरत नसतात. त्यातला एक भाग कुणीतरी वापरतच असतं, फक्त पैसे भरत नसतं. इंटरनॅशनल वॉटर असोसिएशनच्या ताळेबंदात खरी गळती आणि भासमान तूट वेगळी धरतात ती याचसाठी. मीटर बदलल्याने महसूल वाढतो, धरणात थेंबही वाढत नाही. पूर्ण ४० टक्के लॉस रेटमध्ये टाकून 'गळती २० टक्क्यांवर आणू' असा देखावा (सिनॅरिओ, म्हणजे भविष्याचा एक पर्याय) उभा केला तर अर्धी बचत कागदावरची निघू शकते.

आणखी एक खड्डा. दरडोई १५० लिटर हा आकडा आला कुठून? केंद्रातून सुटलेलं पाणी भागिले लोकसंख्या असा काढला असेल तर गळती त्यात आधीच आहे, मग लॉस रेट शून्य ठेवावा लागतो. घरांच्या मीटरवरून काढला असेल तरच लॉस रेट भरायचा. हे एका वाक्यात वीपच्या नोट्समध्ये लिहून ठेवावं. पाच वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला दुसरा कुठलाच मार्ग नसतो.

गळती कमी करणं हाही एक स्रोतच आहे आणि वीपमध्ये तो छान दाखवता येतो. लॉस रेटला दहा वर्षांत ३५ वरून २० टक्क्यांवर नेणारं इंटर्प दिलं की १५० एमएलडी वापरासाठीची गरज २३१ वरून १८७.५ वर येते. म्हणजे सुमारे ४३ एमएलडी, तेही धरण न बांधता. हे स्वप्नरंजन नाही. कंबोडियाच्या फ्नॉम पेन्ह शहराने १९९३ मध्ये ७२ टक्के असलेलं हिशोबबाह्य पाणी पुढच्या दोन दशकांत एक आकडी टक्क्यांवर आणून दाखवलं. मात्र आलेखात ही उतरण सरळ रेषेत काढू नये. पहिल्या काही वर्षांत मोठ्या गळत्या सापडतात, नंतरचा प्रत्येक टक्का जास्त खोदाई मागतो.

पुरवठ्याच्या बाजूला धरणाचा विभाग हा वीपचा सगळ्यात भरीव भाग आहे. साठ्याचे चार थर करता येतात: वरचा पूरनियंत्रणाचा, त्याखाली उपयुक्त साठा, मग बफर, आणि तळाशी मृत साठा. उंची आणि साठ्याचा वक्र भरला आणि दर महिन्याचं निव्वळ बाष्पीभवन मिलिमीटरमध्ये दिलं की ते पाण्याच्या पृष्ठभागावरून नुकसान काढतं. निव्वळ म्हणजे बाष्पीभवनातून जलाशयावर पडलेला पाऊस वजा करून. पावसाळ्यात हा आकडा उणेही येतो आणि तो तसाच भरायचा. हे काम कंटाळवाणं असल्याने टाळलं जातं. टाळल्यावर काय होतं ते पाहू. पाण्याखालचं क्षेत्र सरासरी १० चौरस किलोमीटर आणि बाष्पीभवन दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर रोज ५० हजार घनमीटर, म्हणजे ५० एमएलडी हवेत जातं. वरच्या उदाहरणातल्या शहराच्या वापराच्या एक तृतीयांश.

त्याच शहराची २१४ एमएलडी गरज महिन्याला साधारण ६.४ दलघमी (दशलक्ष घनमीटर) होते. मृत साठ्याच्या वर ६० दलघमी आहे आणि पुढचे आठ महिने येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, नाही, असं समजा. शहराला आठ महिन्यांत सुमारे ५१ दलघमी लागतील. बाष्पीभवनाचा रकाना रिकामा असेल तर हंगामाच्या शेवटी धरणात साडेआठ दलघमी शिल्लक दिसतं आणि सगळे निवांत होतात. बाष्पीभवनाचे महिन्याला दीड दलघमी, म्हणजे आठ महिन्यांचे १२, धरले की साडेतीन दलघमीची तूट येते. दोन्ही फाइली वरून सारख्याच दिसतात.

या उदाहरणात पुढे जे होतं तो वीपचा खरा स्वभाव. ते प्रत्येक महिन्याचं वाटप त्या महिन्यापुरतं रेषीय प्रोग्रॅमिंगने (मर्यादांत राहून सर्वोत्तम वाटप शोधणाऱ्या गणिताने) सोडवतं. पुढच्या महिन्यात काय वाढून ठेवलंय ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून पहिले सात महिने ते शहराला १०० टक्के पाणी देतं. आठव्या महिन्यात धरणात साडेचार दलघमी उरलेलं असतं, त्यातलं दीड हवेत जातं आणि शहराच्या हाती गरजेच्या निम्म्याहूनही कमी पडतं. पहिल्याच महिन्यापासून सात टक्के कपात केली असती तर हेच पाणी आठही महिने पुरलं असतं. ती कपात वीप आपणहून सुचवत नाही. पगार झाल्या आठवड्यातच खिसा रिकामा करणाऱ्या माणसाचा हिशोब जितका चोख असू शकतो, तितकाच त्याचा आहे.

उपाय दोन आहेत. पहिला बफर. 'टॉप ऑफ बफर' ही पातळी ठरवायची आणि 'बफर कोएफिशंट' भरायचा. साठा बफरमध्ये उतरला की त्या थरातल्या पाण्याचा तेवढाच हिस्सा त्या महिन्याला मिळतो. मृत साठ्याच्या वर ३० दलघमीपर्यंत बफर आणि कोएफिशंट ०.२ असेल, तर साठा २५ वर आल्यावर त्या महिन्यात ५ दलघमीच सुटतं, गरजेच्या ७८ टक्के. गोम अशी की कोएफिशंट मुळात १ असतो. पातळी नीट भरली आणि कोएफिशंट विसरला, तर बफर असूनही नसल्यासारखा. बऱ्याच अहवालांत बफरची रंगीत पट्टी आलेखात दिसते आणि धरण मात्र तिच्यातून सरळ खाली जातं, त्याचं कारण हेच असतं. उलट बाजूने फार लहान कोएफिशंट दिला तर कपात लवकर आणि कडक होते, आणि पाऊस आल्यावर बरंच पाणी सांडव्यावरून जातं. तीन-चार किमती चालवून बघण्याला पर्याय नाही.

दुसरा उपाय मागणीच्या बाजूचा. 'डीएसएम सेव्हिंग्ज' (मागणी आवरून होणारी बचत) या रकान्यात आधीच्या महिन्याचा साठा वाचणारं एक्स्प्रेशन लिहायचं. त्यासाठी 'प्रेव्हटीएसव्हॅल्यू' हे फंक्शन आहे. साठा ६० टक्क्यांखाली गेला की १० टक्के बचत, ४० खाली २०, अशा पायऱ्या. खऱ्या शहरात कपात अशीच पायऱ्यांनी येते, त्यामुळे लोकांसमोर मांडायलाही हे सोपं जातं. केपटाउनचं उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. २०१५ ते २०१७ असे तीन कोरडे पावसाळी हंगाम लागोपाठ गेले. सहा मोठ्या धरणांची मिळून क्षमता सुमारे ९०० दलघमी, तरीही २०१८ मध्ये नळ बंद करण्याची तारीख जाहीर करायची वेळ आली. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा लागली. दिवसाचा वापर २०१५ मधल्या सुमारे १,२०० एमएलडीवरून ५०० च्या आसपास आला आणि ती तारीख टळली. पण मॉडेलमध्ये ५० टक्के बचतीची पायरी ठेवून तूट शून्य दाखवणं हा शुद्ध आडमार्ग आहे. ती पायरी आणीबाणीची. नियोजनाच्या आलेखात ती आली तर ती तूटच मानावी.

प्राधान्यक्रमात आणखी एक नेहमीचा गोंधळ. १ सगळ्यात वरचा, ९९ सगळ्यात खालचा. मागणीचे ठिपके मुळात १ वर असतात आणि धरण भरण्याचं प्राधान्य ९९ वर. 'धरण महत्त्वाचं' म्हणून कुणी त्यालाही १ देतं आणि मग धरण शहराच्या बरोबरीने पाण्यावर हक्क सांगायला लागतं. एकाच क्रमांकाच्या दोन मागण्यांना वीप सारखे टक्के देण्याचा प्रयत्न करतं. शहर आणि सिंचन दोन्ही १ वर ठेवले तर तुटीच्या वर्षी दोघांनाही ७० टक्के वगैरे मिळेल. कायद्याने किंवा कराराने पिण्याचं पाणी आधी असेल तर सिंचनाला २ द्या. नदीत सोडायच्या किमान प्रवाहालाही क्रमांक लागतो. तो राहून गेला तर खालच्या गावांचं पाणी शहराच्या ताळेबंदात जमा दिसतं.

अनेक स्रोत असलेल्या शहरासाठी जलवाहिनीवरचं 'सप्लाय प्रेफरन्स' कामाला येतं. आधी धरण, मग भूजल, मग समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प, असा क्रम देता येतो. शेवटचा प्रकल्प 'अदर सप्लाय' म्हणून मांडायचा. त्यात न वापरलेलं पाणी पुढच्या महिन्याला उरत नाही, आणि ते वास्तवाला धरूनच आहे. मैलाशुद्धीकरण केंद्रातून पुन्हा शहराकडे रेष ओढता येते, म्हणजे पुनर्वापरही बसतो. तिथे शहराचा 'कन्झम्प्शन' रकाना विचारपूर्वक भरावा. १५ ते २० टक्के पाणी संपतं आणि बाकीचं सांडपाणी म्हणून परत येतं, हा शहरांसाठीचा ठोकताळा. तो रकाना शून्य ठेवला तर पुनर्वापराला मिळणारं पाणी फुगतं.

सिंगापूरसारखं शहर वीपमध्ये कसं दिसेल याची कल्पना करून पाहिली तर सॉफ्टवेअरची ताकद कळते. चार स्रोत आहेत: स्थानिक पाणलोट, मलेशियातल्या जोहोरहून येणारं पाणी, २००३ पासूनचं पुनर्शुद्ध 'न्यूवॉटर' आणि २००५ पासून समुद्राचं गोडं केलेलं पाणी. जोहोरबरोबरचा १९६२ चा करार २०६१ मध्ये संपतो. त्या जलवाहिनीच्या कमाल प्रवाहाला 'वर्ष २०६१ नंतर शून्य' असं एक 'इफ' लिहिलं की पुढच्या सगळ्या वर्षांचा ताळेबंद बदलतो, आणि उरलेल्या तिघांनी किती वाढायला हवं ते दिसतं. असा प्रश्न एक्सेलमध्येही सोडवता येतो, पण महिन्याच्या पातळीवर, धरणाच्या साठ्यासकट, पाच मिनिटांत नाही. भविष्यातलं धरण मांडताना त्याची 'सद्य खात्यात चालू' (सुरुवातीच्या वर्षापासूनच सुरू) ही खूण काढायची आणि 'स्टार्टअप इयर' द्यायचं. खूण तशीच राहिली तर न बांधलेलं धरण आजपासूनच शहराला पाणी पुरवतं. हे ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण फाइली तपासताना पहिल्यांदा हेच बघावं. आणि ते वर्ष म्हणजे बांधकाम संपण्याचं वर्ष नव्हे. पहिल्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरेलच असं नसतं.

भूजलात 'मॅक्सिमम विथड्रॉवल' रिकामं सोडणं हा या सॉफ्टवेअरमधला सर्वांत महागडा आळस. उपसा अमर्याद होतो, दुष्काळाची सगळी तूट विहिरी मुकाट्याने भरून काढतात. मेक्सिको सिटी आणि जकार्ता ही शहरं उपशापायी खचत आहेत. मॉडेलमधली जमीन मात्र खचत नाही. बसवलेल्या पंपांची क्षमता गुणिले महिन्यातले चालण्याचे तास, आणि त्या भागाच्या वार्षिक पुनर्भरणाचा बारावा भाग, यातला लहान आकडा मासिक मर्यादा म्हणून भरावा.

येव्याची माहिती हा वीपचा दोष नाही, पण तिथेच बहुतेक निकाल बिघडतात. सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेल्या साध्या फाइलमधून) मासिक येवा वाचता येतो किंवा 'वॉटर इयर मेथड'ने वर्षांना अतिकोरडं ते अतिओलं अशा पाच गटांत टाकून गुणक देता येतात. दुसरी पद्धत पटकन होते, आणि तिच्यात कोरडी वर्षं सुटी सुटी पेरली की धरण दरवेळी मधल्या काळात सावरतं. शहर अडकतं ते लागोपाठच्या कोरड्या वर्षांत. तशी मालिका मुद्दाम घालावी. जुनी सरासरीही डोळे झाकून घेऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या धरणांतला येवा १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जो खाली आला तो पूर्वीच्या पातळीला परत गेलाच नाही, आणि २००६ मध्ये क्विनानाला वर्षाला ४५ अब्ज लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प सुरू करावा लागला. आधीच्या साठ वर्षांच्या नोंदी चालवणाऱ्या मॉडेलमध्ये त्या प्रकल्पाची गरजच दिसली नसती.

भविष्याकडे वळण्याआधी भूतकाळ जुळवून घ्यावा. मागच्या दहा वर्षांचा मोजलेला साठा आणि वीपने काढलेला साठा एकाच आलेखावर ठेवायचे. दरवर्षी कोरड्या हंगामात मॉडेलची रेष वर राहत असेल तर बाष्पीभवन, गळती किंवा नोंद नसलेला उपसा शोधावा. फक्त पावसाळ्यात चुकत असेल तर येवा किंवा सांडव्याचा विसर्ग तपासावा.

वीपला काय जमत नाही तेही स्पष्ट हवं. दाब, नळाला येणारं पाणी, टाक्या भरण्याचे तास यातलं काही नाही. त्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं ईपानेट आहे, तेही फुकट. वीपमधून भागवार मागणी काढून ईपानेटच्या नोडवर (जाळ्यातल्या जोडबिंदूवर) टाकायची, हा योग्य क्रम. मासिक हिशोबात कमाल दिवसाची मागणीही दिसत नाही. २०० एमएलडीचं केंद्र जलवाहिनीवर २०० म्हणून भरलं तर महिनाभर रोज पूर्ण क्षमतेने पाणी मिळेल असं धरलं जातं. कमाल दिवस सरासरीच्या १.२ पट असेल तर तिथे १६७ च्या आसपासचा आकडा भरावा, नाहीतर नवं केंद्र दोन-चार वर्षं उशिरा सुचवलं जातं.

वापरायला सोपं आहे का? पहिले दोन दिवस हो. सोबत येणारी शिकवणी चांगली आहे, नकाशावर ओढाताण करून जाळं उभं राहतं आणि आलेख लगेच निघतात. पुढे देखावे वाढतात तशी डोकेदुखी वाढते. वाढीचे तीन, पावसाचे तीन आणि योजनांचे चार पर्याय म्हणजे ३६ देखावे, आणि ते झाडासारखे एकमेकांकडून मूल्यं वारशाने घेतात. वरच्या देखाव्यात केलेला बदल खालच्या सगळ्यांत झिरपतो. कुठलं मूल्य स्वतःचं आणि कुठलं वारशाचं हे रंगावरून कळतं. शंका आल्यास तिकडे बघावं. सगळे ३६ चालवण्यापेक्षा टोकाचे सहा-सात निवडून बाकीचे बंद ठेवावेत. एक्स्प्रेशनमध्ये स्वल्पविराम चालत नसेल तर वीपला बोल लावण्याआधी विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधलं लिस्ट सेपरेटर पाहावं. सीएसव्हीचे पत्ते एरियाच्या (वीप एका पूर्ण मॉडेलला एरिया म्हणतं) फोल्डरच्या आतलेच ठेवावेत, नाहीतर दुसऱ्या संगणकावर फाइल उघडत नाही.

निकालांत 'रिलायबिलिटी' (किती टक्के महिन्यांत मागणी पूर्ण भागली) या एका आकड्यावर समाधान मानू नये. ३० वर्षांचे ३६० महिने. ९५ टक्के म्हणजे १८ महिने तुटीचे. ते तीस वर्षांत विखुरलेले असतील तर टँकरवर भागेल. अठराही सलग असतील तर शहर ओस पडेल. आकडा दोन्हीकडे तोच. म्हणून 'अनमेट डिमांड'चा (न भागलेल्या मागणीचा) मासिक आलेख आणि त्याखाली धरणाचा साठा, हे दोन्ही सगळ्यात वाईट तीन वर्षांसाठी मागून घ्यावेत.

फुकट चाचणी आवृत्तीत सगळं करून पाहता येतं, फक्त काम सेव्ह होत नाही. कमी उत्पन्नाच्या देशांतल्या सरकारी, शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांना परवाना मोफत मिळतो. सल्लागार कंपन्यांना विकत घ्यावा लागतो. महापालिकेसाठी खरी मेख तिथेच आहे. मॉडेल सल्लागाराच्या संगणकावर बनतं आणि हाती येतो तो जाडजूड छापील अहवाल. कंत्राटात एरियाची पूर्ण झिप फाइल, सगळ्या सीएसव्ही आणि भरलेल्या नोट्स सुपूर्द करण्याची अट घालावी, परवाना पालिकेच्या नावाने घ्यावा आणि शेवटचं देयक पालिकेच्या अभियंत्याने ती फाइल स्वतःच्या संगणकावर उघडून, चालवून, तेच आकडे आल्यावरच काढावं.